एफएफएचे फोटो कसे वाचावेत: पांढरे, काळे आणि कोपऱ्यातले घड्याळ

आयर्विन (मूळ लेख)

मागच्या आठवड्यात तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार वडिलांच्या एफएफएचा, म्हणजे शिरेतून रंग टोचून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढण्याच्या फ्लुओरेसिन अँजिओग्राफी या तपासणीचा, एकच फोटो मोबाइलवर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पडद्याच्या मध्यभागाजवळ हा पांढरा डाग दिसतोय, तो चांगला की वाईट एवढेच सांगा." मी विचारले, "हा फोटो इंजेक्शननंतर कितव्या सेकंदाचा आहे?" फोटोचा फोटो काढताना नेमका सेकंदांचा आकडा असलेला कोपरा कापला गेला होता. त्यामुळे मला काहीच सांगता आले नाही आणि ते थोडे नाराज होऊन परतले.

गेली एकोणीस वर्षे मी सांगली-मिरज भागातल्या एका नेत्ररुग्णालयात डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतो. मी डॉक्टर नाही, निदान करणे माझे काम नाही. पण या फोटोंमध्ये काय पाहायचे असते हे रोज डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून शिकलो आहे, आणि त्यात लोकांची सर्वांत मोठी चूक कोणती होते तेही पाहत आलो आहे. आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर आहे एवढेच कोणी सांगितले, तर आपल्यातला कोणीही सांगलीकर लगेच विचारतो, की चढते आहे की उतरते आहे? एफएफएचेही अगदी तसेच आहे. एका फोटोतला पांढरेपणा म्हणजे पुलाच्या मोजपट्टीवरचा एक आकडा. अर्थ लावायचा असतो तो आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून.

आधी ही चमक येते कुठून ते सांगतो. फ्लुओरेसिन हा रंग अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केला. माणसाच्या पडद्यातले रक्ताभिसरण त्याच्या साहाय्याने टिपण्याची पद्धत हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्व्हिस या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. हा रंग साधारण ४६५ ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतो आणि ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवट पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. कॅमेऱ्यात दोन गाळण्या असतात. पहिली डोळ्यात फक्त निळा प्रकाश जाऊ देते, आणि दुसरी परत येणारा निळा अडवून फक्त हिरवट पिवळा आत घेते. त्यामुळे फोटोत जे पांढरे दिसते ते म्हणजे त्या जागी, त्या क्षणी रंग आहे एवढाच त्याचा अर्थ. पांढरे म्हणजे रोग नव्हे आणि काळे म्हणजे निरोगी नव्हे. हे वाक्य मी आमच्या खोलीच्या दारावर लिहून लावावे असे अनेकदा वाटते.

दंडाच्या शिरेतून साधारण ५०० मिलिग्रॅम रंग टोचला, की दहा ते पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोहोचतो. सर्वांत आधी पडद्यामागचा कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा थर उजळतो, तोही सलग नाही तर ठिगळाठिगळांनी. सेकंदाभरात पडद्याच्या धमन्या भरतात, मग केशवाहिन्या, मग नीला. पंचवीस-तीस सेकंदांच्या सुमारास चमक सर्वाधिक असते, पुढे ती हळूहळू ओसरते आणि दहाव्या मिनिटाला रक्तवाहिन्या जवळजवळ रिकाम्या दिसतात.

यातली गंमत अशी, की कोरॉइडच्या बारीक वाहिन्यांना मुळातच झरोके असतात आणि त्यांतून रंग मोकळेपणाने पाझरतो. पण पडद्याच्या स्वतःच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, तिथून तो पाझरत नाही. या दोन वस्तींच्या मध्ये रंगद्रव्ययुक्त पेशींचा एक थर असतो. हा थर दोन कामे करतो: खालचा रंग वर येऊ देत नाही, आणि स्वतःच्या गडदपणामुळे खालची चमक झाकूनही टाकतो. पडद्याचा मधला बिंदू निरोगी माणसातही काळसर दिसतो, कारण तिथे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या भागात केशवाहिन्या नसतातच, आणि खालच्या पेशी जास्त उंच व जास्त गडद असतात. तो काळा ठिपका पाहून घाबरून माझ्याकडे आलेले लोक मी मोजणे सोडून दिले आहे.

आता पांढऱ्याकडे येतो. रंगपेशींचा थर कुठे विरळ झाला असेल, तर खालच्या कोरॉइडची चमक तिथून दिसते. कौल सरकले की घरात उन्हाचा कवडसा पडतो, तसेच हे. असा डाग कोरॉइडबरोबरच उजळतो, त्याचा आकार शेवटपर्यंत बदलत नाही आणि कोरॉइडमधला रंग ओसरला की तोही फिका पडतो. कवडशात पाणी नसते, तसे इथे गळतीही नसते. गळतीचे वागणे याच्या उलट असते. ठिपका लहान सुरू होतो, मिनिटागणिक पसरतो, त्याच्या कडा धुसर होतात, आणि बाकी सगळे विझत आले तरी तो उजळत राहतो. तिसरा प्रकार साचण्याचा. थरांच्या मध्ये मोकळी जागा तयार झालेली असेल तर रंग तिथे भरत जातो, पण त्या जागेची हद्द ओलांडत नाही, म्हणून उजेड वाढतो आणि कडा मात्र रेखीव राहतात. पुराचे पाणी आणि तळघरात भरलेले पाणी यांतला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. चौथा प्रकार ओलीचा: भिंतीत ओल मुरावी तसा रंग ऊतीत मुरतो. सुरुवातीला विशेष काही दिसत नाही आणि उशिराच्या फोटोंत मात्र तेवढीच जागा स्पष्ट उजळते. जुने व्रण असे दिसतात. डोळ्याच्या नसेची कडही शेवटी थोडी अशीच उजळते आणि ते पूर्णपणे नैसर्गिक आहे.

काळ्याचे प्रकार दोनच आहेत, पण चुका इथेच जास्त होतात. एकतर रंग तिथे पोहोचलेलाच नाही, म्हणजे वाहिन्या बंद आहेत. किंवा रंग आहे, पण वर काहीतरी आड आले आहे, बहुधा रक्त. हे ओळखण्यासाठी त्याच दिवशीचा रंगीत फोटो शेजारी ठेवावा लागतो. रंगीत फोटोत त्याच जागी, त्याच आकाराचे रक्त दिसत असेल तर ती आड आहे. तिथे काहीच दिसत नसेल, तर रक्तपुरवठाच नाही असे समजायचे.

हळदपेठ

लेख आवडला. माझी स्वतःची ही तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली. इंजेक्शननंतर चेहरा आणि हात असे पिवळे झाले, की घरी आल्यावर सौ. म्हणाली, "या वयात पुन्हा हळद कोणी लावली?" लघवीचा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत भडक होता. एक निरीक्षण सांगतो. आमच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून, वरचा निवळ भाग काचेच्या पेल्यात घेऊन अंधारात त्या दिव्याखाली धरला, तर तो हिरवट चमकतो. तत्त्व हेच का?

दुसरी शंका अशी, की मला मूत्रपिंडाचा थोडा त्रास आहे. सीटी स्कॅनच्या वेळी "डाय" देण्याआधी क्रिएटिनिन पाहिले होते आणि मधुमेहाची गोळी थांबवायला सांगितली होती. इथे तसे काहीच का सांगितले नाही?

आयर्विन

@हळदपेठ, तत्त्व हेच. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणे हा हळदीतल्या कर्क्युमिनचाही गुण आहे. तुमचा प्रयोग मी आमच्या नव्या मुलांना दाखवणार आहे. गाळणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकापेक्षा तुमच्या पेल्यातून लवकर कळेल. दुसऱ्या शंकेचे उत्तर डॉक्टरांनी दिलेले बरे. @पडद्यामागे, वेळ असल्यास कृपया लिहावे.

पडद्यामागे

मी पडद्याच्या विकारांचा डॉक्टर आहे. हळदपेठ यांची शंका अगदी नेहमीची आहे, आणि घोळ "डाय" या एका शब्दाने होतो. सीटी स्कॅनचा डाय आयोडीनयुक्त असतो. फ्लुओरेसिनमध्ये आयोडीन नसते, त्यामुळे आयोडीनची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ते देता येते, आणि मूत्रपिंडावर त्याचा तसा भार पडत नाही. मात्र ते शरीराबाहेर मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच जात असल्याने त्रास असणाऱ्यांत पिवळेपणा जास्त वेळ राहतो, आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत आम्ही मात्रा कमी करतो. काही जणांना टोचल्यावर अर्ध्या-एक मिनिटात मळमळते आणि ते लगेच थांबते. पित्ताच्या गांधी क्वचित उठतात. तीव्र ॲलर्जी फार दुर्मीळ असली तरी होऊ शकते, म्हणून खोलीत तातडीची औषधे तयार नसतील तिथे ही तपासणी करून घेऊ नये. गर्भवती स्त्रियांत आम्ही ती सहसा टाळतो.

मूळ लेखात एक भर घालतो. गळती म्हटली की लोक ती एकाच प्रकारची समजतात, पण गळतीचा आकारच पुष्कळदा रोगाचे नाव सांगतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी नजर पुन्हा मंदावलेल्या रुग्णात उशिराच्या फोटोत मध्यबिंदूभोवती फुलाच्या पाकळ्या उमटतात. तिथल्या तंतूंची मांडणीच चाकाच्या आऱ्यांसारखी असते, आणि सूज त्या तंतूंच्या मधल्या कप्प्यांत भरते, म्हणून पाकळ्या. तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत, एका डोळ्यापुढे मधोमध राखाडी गोल दिसतो अशी तक्रार असेल, तर सीएसआर या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी साचण्याच्या, विकाराची शंका येते. त्यात एकच ठिपका शाईच्या डागासारखा पसरतो. क्वचित रंग धुराच्या रेषेसारखा सरळ वर चढतो आणि छत्रीसारखा उघडतो. विद्यार्थ्यांना दुसरे चित्र पाठ असते, प्रत्यक्षात मात्र पहिलेच जास्त भेटते. या रुग्णांना मी हमखास विचारतो, की स्टिरॉइड कुठून पोटात, नाकात, सांध्यात किंवा कातडीवर जात आहे का? गोरे होण्याचे मलम कोणी औषधात धरत नाही, म्हणून नाव घेऊन विचारावे लागते.

संगम माहुली

साताऱ्याहून लिहितो आहे. आमच्या आबांना बावीस वर्षे मधुमेह आहे. त्यांच्या रंगीत फोटोत लाल ठिपके आणि पिवळट पांढरे ठिपके असे दोन्ही आहेत. एफएफएत मात्र पिवळट ठिपके जवळपास गायब झाले, आणि लाल ठिपक्यांपैकी काही पांढरे, काही काळे झाले. आम्हाला वाटले फोटो दुसऱ्याच रुग्णाचा दिला गेला. यात काही चूक असू शकते का?

आणखी एक कुतूहल. एका फोटोत मोठ्या नीलेच्या दोन्ही कडा पांढऱ्या आणि मधला भाग काळा दिसतो. वाहिनीत गुठळी आहे का?

आयर्विन

चूक नाही, उलट आबांच्या फोटोंनी हा धागा एका फटक्यात समजावून दिला. रंगीत फोटोत सारखेच दिसणारे दोन लाल ठिपके घ्या. एक आहे केशवाहिनीला आलेला बारीक फुगा. त्यात रक्त वाहते आहे, म्हणून रंग पोहोचतो आणि तो पांढरा होतो. दुसरा आहे वाहिनीबाहेर सांडलेले रक्त. त्यात रंग जात नाही, उलट ते खालची चमक अडवते, म्हणून काळा. डोळ्यांनी वेगळे न करता येणारे हे दोन ठिपके वेगळे करण्यासाठीच तर हा खटाटोप. पिवळट ठिपके म्हणजे पाझरलेल्या पाण्यामागे उरलेला चरबीचा साका. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जशी गाळाची रेघ राहते तसे. त्यांना स्वतःची चमक नसते, म्हणून ते दिसेनासे होतात. रंगीत फोटोतला पांढरा आणि एफएफएतला पांढरा यांचा एकमेकांशी संबंध नाही.

नीलेबद्दल निश्चिंत असा. तुम्ही माहुलीचे, म्हणजे उत्तर तुमच्या घाटावरच आहे. कृष्णा आणि वेण्णा भेटतात तिथे एकीचे पाणी गढूळ आणि दुसरीचे निवळ असेल, तर काही अंतर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहते, लगेच मिसळत नाही. बाजूच्या उपशाखांतून आलेले रंगीत रक्त नीलेत शिरल्यावर काही सेकंद कडेकडेनेच वाहते आणि मध्ये बिनरंगाचे रक्त राहते. आमच्या हरिपूरच्या संगमाचे उदाहरण मी नेहमी देतो, आज तुमच्यासाठी माहुली. त्या फोटोवर वीस सेकंदांच्या आसपासचा आकडा असेल आणि पुढच्या काही फोटोंत नीला पूर्ण भरलेली असेल. खात्री करून घ्या.

संगम माहुली

पाहिले. १९ सेकंद. २७ व्या सेकंदाच्या फोटोत नीला पूर्ण पांढरी आहे. आबांना दाखवले. ते म्हणाले, "डोळ्यात पण संगम निघाला."

पडद्यामागे

आबांच्या फोटोंत फुग्यांपेक्षा महत्त्वाचे काय, तेही सांगतो. मधुमेहात मी आधी काळे शोधतो, पांढरे नंतर. मध्यबिंदूचा तो नैसर्गिक काळा भाग वाजवीपेक्षा मोठा किंवा दातेरी झाला असेल, तर तिथल्या केशवाहिन्या गेलेल्या असतात. अशा डोळ्यात सूज उतरवूनही नजर अपेक्षेइतकी सुधारत नाही, आणि हे रुग्णाला आधीच सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. परिघाकडे मोठे काळे पट्टे असतील, तर त्या उपाशी पडद्याच्या हाकेने नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, सुरुवातीपासून जोरात गळतात आणि काही क्षणांत कापसाच्या बोळ्यासारख्या दिसू लागतात. याउलट नीला तुंबल्यावर रक्त जुन्याच वाहिन्यांतून वळसा घालून जाते, त्या वळणाच्या वाटाही वेड्यावाकड्या दिसतात, पण गळत नाहीत. पहिल्यांना लेसरची किंवा इंजेक्शनची गरज असते, दुसऱ्यांना हात लावायचा नसतो. निव्वळ आकार पाहून दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून आयर्विन यांचा घड्याळाचा आग्रह मला पटतो.

कास पठार

मी नेत्रतंत्रज्ञ होण्याचे शिक्षण घेत आहे. आमच्याकडे सर्वजण म्हणतात, की आता ओसीटी अँजिओग्राफी आली, सुई नको, रंग नको, मग हे जुने तंत्र कशाला शिकायचे? शिवाय घड्याळ नेमके कधी सुरू करायचे, यावर आमच्यात वाद आहे.

आयर्विन

घड्याळावर मी माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वृद्ध बाईंची तपासणी होती. शीर सापडत नव्हती. सुई लागल्याबरोबर मी उत्साहाने घड्याळ चालू केले, पण परिचारिकेने रंग ढकलायला सुरुवात केली ती त्यानंतर दहा-बारा सेकंदांनी. फोटोंत रंग डोळ्यात पोहोचला सव्वीसाव्या सेकंदाला. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांनी साहजिकच मानेतल्या धमनीत अडथळा आहे का अशी शंका घेतली, आणि त्या बाईंना मानेची सोनोग्राफी करायला लागली. ती स्वच्छ निघाली. पैसे त्यांचे गेले, दोन रात्रींची झोप त्यांची गेली, आणि चूक माझ्या अंगठ्याची होती. तेव्हापासून रंग ढकलायला सुरुवात होते त्या क्षणी परिचारिका मोठ्याने "सोडला" म्हणते आणि मगच मी बटण दाबतो. रंग हळू ढकलला गेला किंवा हृदय कमजोर असले तरीही उशीर होतो, म्हणून ती नोंदही मी फोटोंबरोबर ठेवतो. आणि रंग टोचण्याआधी एक फोटो गाळण्यांसहित जरूर काढावा. त्यात काही चमकले तर ती चमक रंगाची नाही, ऊतीची स्वतःची आहे किंवा गाळण्या जुन्या झाल्या आहेत.

पडद्यामागे

ओसीटी अँजिओग्राफी ही रक्ताची हालचाल पाहते. केशवाहिन्यांचे जाळे ती थराथराने, एफएफएपेक्षा बारकाईने दाखवते, आणि मध्यबिंदूचा रक्तपुरवठा पाहायला मी आता आधी तीच करतो. पण तिला गळती दिसत नाही, कारण पाझरलेला द्रव वाहत्या रक्तासारखा हलत नाही. या धाग्यात कवडसा, पूर, तळघर आणि ओल असे जे चार प्रकार आले आहेत, त्यांतला फरक करण्यासाठी काळ जावा लागतो, आणि तिथे काळ नाही. म्हणून दोन्ही शिका.

कोरॉइडसाठी तर तिसरे तंत्र आहे, इंडोसायनिन ग्रीन. त्याचे रेणू रक्तातल्या प्रथिनांना सुमारे ९८ टक्के बांधलेले असतात, म्हणून ते कोरॉइडच्या झरोक्यांतून सहज निसटत नाहीत. शिवाय ते अवरक्त प्रकाशात चमकते आणि तो प्रकाश रंगपेशींच्या थरातून व पातळ रक्तातूनही पार होतो. मात्र त्यात आयोडीन असते. म्हणून आयोडीनची ॲलर्जी असणाऱ्यांत तिथे सावधगिरी बाळगावी लागते.

द्राक्षबाग

नमस्कार. तासगावचा तो नाराज माणूस मीच. धागा पुन्हा पुन्हा वाचला आणि काल रुग्णालयात जाऊन दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, सर्व फोटोंची सीडी मागून घेतली. एकूण चौतीस फोटो आहेत. तो पांढरा डाग १४ व्या सेकंदालाच दिसतो, पडद्याच्या धमन्या भरायच्याही आधी. ३० व्या सेकंदाला सर्वांत जास्त चमकतो. मी प्रत्येक फोटोवर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवली. पाच मिनिटांपर्यंत ती रेघ तंतोतंत जुळते, आणि दहाव्या मिनिटाच्या फोटोत डाग इतका फिका आहे की गिरवायला कडच सापडत नाही.

आयर्विन

साहेब, कागद ठेवून कड गिरवायची युक्ती आमच्याकडे एकोणीस वर्षांत कोणी केली नव्हती. तुम्ही सांगता ते वर्णन कवडशाचे आहे, पुराचे नाही. तरीही शेवटचे शब्द डॉक्टरांचे.

पडद्यामागे

वर्णन ऐकून मलाही तसेच वाटते. पण रंगपेशींचा थर तिथे विरळ का झाला, जुन्या सीएसआरमुळे, वयोमानाने की आणखी कशाने, हे चमकेवरून कळणार नाही. त्याच दिवशीचा रंगीत फोटो सीडीत आहे का? आणि दुसऱ्या डोळ्याचे उशिराचे फोटो?

द्राक्षबाग

दुसऱ्या डोळ्याचे सहा आहेत. रंगीत एकही नाही. उद्या सकाळच्या एसटीने पुन्हा जातो.